दोन पदव्या, एक कान : ऑडिओलॉजीतील दुहेरी डॉक्टरेटचा इतिहास

#थ्रेड

१/ अमेरिकेतील काही विद्यापीठांत श्रवणविज्ञानाचा, म्हणजेच ऑडिओलॉजीचा, विद्यार्थी एकाच वेळी दोन डॉक्टरेट पदव्यांसाठी नाव नोंदवतो. पहिली एयूडी, अर्थात डॉक्टर ऑफ ऑडिओलॉजी. ती रुग्णाचा कान तपासायला शिकवते. दुसरी पीएच.डी. ती त्या तपासणीवरच शंका घ्यायला शिकवते. दोन्ही मिळून सहा-सात वर्षे जातात, कधी त्याहून अधिक. एकाच विषयासाठी माणसाने दोनदा डॉक्टर का व्हावे? या प्रश्नाचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील एका लष्करी रुग्णालयात आहे.

२/ युद्धापूर्वी बहिरेपणाला एक घर नव्हते. कानाचे रोग शल्यचिकित्सकांकडे होते. ध्वनीचे मापन भौतिकशास्त्रज्ञांकडे होते. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ‘१-ए’ हा ऑडिओमीटर १९२२ च्या सुमारास फाउलर आणि वेगेल यांच्या सहकार्यातून आला. बधिर मुलांचे शिक्षण शिक्षकांकडे होते. सेंट लुईस येथील सेंट्रल इन्स्टिट्यूट फॉर द डेफ १९१४ पासून ते करीत होती. श्रवणयंत्रे विक्रेत्यांकडे होती. रुग्ण या चार दारांतून फिरत असे आणि प्रत्येक दारी त्याला प्रश्नाचा एक चतुर्थांश तुकडा मिळत असे.

३/ मग तोफा आल्या. स्फोट, विमानांची इंजिने, रणगाड्यांच्या आतला कोंडलेला आवाज यांनी हजारो तरुण सैनिकांचे कान निकामी केले. हे रुग्ण वृद्ध नव्हते; विशी-तिशीतली मुले होती. त्यांना घरी जाऊन नोकरी करायची होती, संसार मांडायचा होता. शस्त्रक्रियेने त्यांच्या कानांत फारसे काही सुधारणार नव्हते. अमेरिकी लष्कराने म्हणून बहिऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी खास केंद्रे नेमली : पेनसिल्व्हेनियातील बटलर येथील डेशॉन, ओक्लाहोमातील बॉर्डन आणि कॅलिफोर्नियातील हॉफ. नौदलाचे केंद्र फिलाडेल्फियात होते.

४/ डेशॉन जनरल हॉस्पिटलमध्ये १९४४ साली रेमंड कारहार्ट हे ध्वनिचिकित्सालयाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. वय बत्तीस. ते वैद्य नव्हते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वाचाशास्त्र आणि प्रायोगिक ध्वनिशास्त्र शिकून पीएच.डी. झालेले अध्यापक होते. त्यांच्यासमोर रोज सैनिकांची रांग असे आणि टेबलावर निरनिराळ्या कंपन्यांची श्रवणयंत्रे. त्या काळची यंत्रे निर्वात नळ्यांची, शरीरावर बाळगायची. त्यांची वायर कानापर्यंत जाई. कोणत्या सैनिकाला कोणते यंत्र द्यावे, हे ठरवण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत अस्तित्वात नव्हती.

५/ कारहार्ट यांनी पद्धत बनवली. सैनिकाला प्रथम यंत्राविना तपासायचे, मग एकेक यंत्र लावून. किती हळू आवाजातले बोलणे कळते, किती मोठा आवाज सहन होतो, गोंगाटात किती समजते आणि शब्द किती अचूक ओळखता येतात, हे प्रत्येक यंत्रागणिक मोजायचे. युद्धकाळात हार्वर्डच्या ध्वनिमानसशास्त्र प्रयोगशाळेत भाषण ऐकू येण्याच्या मापनासाठी शब्दयाद्या तयार झाल्या होत्या. त्या परंपरेतले ‘बेसबॉल’, ‘हॉटडॉग’, ‘एअरप्लेन’ असे दोन्ही अवयवांवर सारखा जोर असलेले शब्द पुढे अमेरिकेतल्या श्रवणचाचण्यांत कायमचे जाऊन बसले.

६/ यंत्र देऊन काम संपत नसे. ओष्ठवाचन, ऐकण्याचा सराव, स्वतःचे उच्चार टिकवण्याचा अभ्यास आणि मानसिक आधार यांचा एक बांधीव कार्यक्रम सैनिकाला पुरा करावा लागे. वैद्य, भौतिकशास्त्रज्ञ, शिक्षक आणि यंत्रज्ञ यांची कामे प्रथमच एका छपराखाली आली. या कामाला नाव हवे होते. ‘ऑडिओलॉजी’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय कारहार्ट आणि कानाचे शल्यचिकित्सक नॉर्टन कॅनफिल्ड या दोघांनाही दिले जाते. ‘ऐकणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आणि ‘शास्त्र’ या अर्थाचा ग्रीक प्रत्यय यांचा हा संकर आहे. शब्दच जोडाचा, मग त्याच्या पदव्याही पुढे जोडाच्या झाल्या तर नवल नाही.

७/ युद्ध संपल्यावर कारहार्ट नॉर्थवेस्टर्नला परतले. १९४६ साली तेथे ऑडिओलॉजीचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले. या आरंभबिंदूचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. येथे संशोधक आणि चिकित्सक हे दोन वेगळे प्राणी नव्हते. सकाळी रुग्ण तपासणारा माणूसच दुपारी त्या तपासणीची आकडेवारी मांडत असे. पदवी एकच होती, पीएच.डी., आणि तीच पुरेशी वाटत होती.

८/ या एकत्वाचे फळ १९५० साली दिसले. ओटोस्क्लेरोसिस या विकारात मध्यकर्णातील रिकिबीचे इवलेसे हाड जागीच घट्ट होते. अशा रुग्णांची कवटीच्या हाडामार्गे श्रवणचाचणी घेतली, तर २००० हर्ट्‌झच्या आसपास आलेखात एक खळगा दिसे. मज्जातंतू दुखावल्याचे ते लक्षण आहे, असा समज सहज होऊ शकत होता. शस्त्रक्रियेनंतर हा खळगा बराचसा भरून येतो, हे कारहार्ट यांनी दाखवले. म्हणजे दोष मज्जातंतूचा नव्हता, अडकलेल्या हाडाच्या यांत्रिकीचा होता. आजही तो ‘कारहार्ट नॉच’ या नावाने ओळखला जातो.

९/ हा खळगा टिपायला दोन गोष्टी लागल्या : शेकडो रुग्णांचे आलेख डोळ्यांखालून गेलेले असणे, आणि त्या आलेखांवर विश्वास न ठेवण्याची सवय. केवळ प्रयोगशाळेत बसणाऱ्याला रुग्ण दिसले नसते. केवळ दवाखान्यात बसणाऱ्याने आलेख खरा मानून रुग्णाला ‘शस्त्रक्रियेचा फारसा उपयोग नाही’ असे सांगितले असते. त्या एका वाक्याने कित्येकांचे ऐकणे कायमचे बंद राहिले असते.

१०/ परंतु संशयाची ही धार पुढे कारहार्ट यांच्याच पद्धतीवर चालली. १९६० साली सेंट लुईस येथील शोर, बिल्जर आणि हर्श यांनी एक साधा प्रश्न विचारला : तोच रुग्ण, तीच यंत्रे, पण दिवस वेगळा, निकाल तोच येतो का? त्यांनी चाचण्या पुनःपुन्हा घेतल्या. यंत्रायंत्रांतले फरक इतके भरवशाचे निघाले नाहीत, की त्यासाठी तासन्‌तास खर्चणे समर्थनीय ठरावे. डेशॉनपासून चालत आलेली, देशभरच्या दवाखान्यांत श्रद्धेने पाळली जाणारी पद्धत एका निबंधाने हलवली.

११/ त्यामागचे गणित १९७८ साली थॉर्नटन आणि रॅफिन यांनी उलगडले. शब्दओळखीचा गुण हा नाणेफेकीसारखा संभाव्यतेच्या नियमाने वागतो, असे त्यांनी मांडले. २५ शब्दांची यादी घेतली आणि रुग्णाचा गुण ५० टक्क्यांच्या आसपास असला, तर दोन चाचण्यांत सुमारे २५ टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे एका यंत्राने ४८ आणि दुसऱ्याने ६४ गुण आले म्हणून दुसरे यंत्र श्रेष्ठ, असे म्हणता येत नाही.

१२/ हे वादविवाद विद्वानांच्या खोलीपुरते नव्हते. श्रवणयंत्र स्वस्त वस्तू नव्हे. ‘हे यंत्र तुम्हाला अधिक चांगले’ या चिकित्सकाच्या एका वाक्यावर निवृत्त कामगार आपली बचत मोजून देतो. ते वाक्य मापनावर उभे आहे की योगायोगावर, हे ओळखण्याची विद्या चिकित्सकाकडे असावी की नसावी? पुढच्या चार दशकांचे सगळे पदव्यांचे राजकारण अखेर या प्रश्नाभोवती फिरते.

१३/ या कथेची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मेरियन डाउन्स यांच्याकडे संशोधनाची डॉक्टरेट नव्हती. पदव्युत्तर पदवी होती आणि डेन्व्हरमधल्या लहान मुलांचा दीर्घ अनुभव होता. मूल दोन-तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही, तेव्हा कुठे त्याचे बहिरेपण उघड होते आणि तोवर भाषा शिकण्याचा सर्वांत सुपीक काळ वाया गेलेला असतो, हे त्यांनी रोज पाहिले. १९६० च्या दशकात त्यांनी डेन्व्हरच्या रुग्णालयांत नवजात बालकांची तपासणी सुरू केली : बाळाजवळ मोठा आवाज करायचा आणि ते पापणी मिटते का, दचकते का, हे पाहायचे.

१४/ पद्धत ढोबळ होती. झोपेतले ऐकणारे बाळ हलत नसे, आणि न ऐकणारे बाळ योगायोगाने हात झटकत असे. डाउन्स यांच्याच प्रयत्नांतून १९६९ साली बालश्रवणावरील संयुक्त समिती स्थापन झाली. पण तिनेही प्रारंभी सावध भूमिका घेतली आणि उपलब्ध पद्धतींवर सरसकट तपासणीची शिफारस केली नाही. प्रश्न दवाखान्याने अचूक विचारला होता. उत्तर देणारे साधन मात्र दवाखान्यात नव्हते.

१५/ ते साधन अनपेक्षित दिशेने आले. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवले, की निरोगी अंतःकर्ण आवाज केवळ घेत नाही, क्षीणसा परतही सोडतो. कानात बसवलेला सूक्ष्म ध्वनिग्राहक तो टिपू शकतो. झोपलेल्या बाळालाही आता काही करावे लागणार नव्हते. त्याचा कानच उत्तर देणार होता. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने सर्व बालकांची श्रवणतपासणी पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, अशी शिफारस केली. डाउन्स तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या.

१६/ केम्प यांना बाळांची निकड माहीत नव्हती. डाउन्स यांना कानातल्या प्रतिध्वनीचे भौतिकशास्त्र माहीत नव्हते. केम्प यांच्या शोधापासून १९९३ च्या शिफारशीपर्यंत पंधरा वर्षे गेली. या पंधरा वर्षांत जन्मलेल्या कित्येक बधिर बालकांचे निदान जुन्या उशिरानेच झाले असेल. प्रयोगशाळा आणि दवाखाना यांच्यामधल्या अंतराची किंमत कोण मोजतो, याचे हे उदाहरण आहे.

१७/ दरम्यान व्यवसाय वाढत होता आणि दुभंगतही होता. १९६० च्या दशकापासून अमेरिकेत ऑडिओलॉजिस्ट होण्यासाठी पदव्युत्तर पदवी हे प्रवेशद्वार ठरले. दवाखाने एम.ए., एम.एस. झालेल्यांनी भरले. पीएच.डी. करणारे बहुतांशी विद्यापीठांत राहिले. कारहार्ट यांच्या पिढीत एका माणसात नांदणारी दोन कामे आता दोन वर्गांत विभागली गेली, आणि वर्ग आले की मान-अपमानही येतात.

१८/ दंतवैद्य डॉक्टर होते, दृष्टी तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट डॉक्टर होते; कान तपासणारा मात्र डॉक्टर नव्हता. अमेरिकन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशन ही मातृसंस्था तर दीर्घकाळ सदस्यांना नफ्यासाठी श्रवणयंत्रे विकण्यास मनाई करीत असे. सल्ला ऑडिओलॉजिस्टने द्यावा आणि यंत्र विक्रेत्याने विकावे, अशी ती विभागणी होती. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अभियंत्यांच्या संघटनेविरुद्ध निकाल दिला : आचारसंहितेच्या नावाखाली व्यावसायिक स्पर्धा रोखता येणार नाही. त्यानंतर ही मनाई उठली. ऑडिओलॉजिस्ट स्वतंत्र व्यवसाय थाटू लागला. पण पाटीवर ‘डॉक्टर’ लिहिण्याजोगी पदवी त्याच्याकडे नव्हती.

१९/ असाच पेच मानसशास्त्रज्ञांनी आधीच अनुभवला होता. १९४९ साली कोलोरॅडोतील बोल्डर येथे झालेल्या परिषदेने ठरवले, की चिकित्सक मानसशास्त्रज्ञ हा शास्त्रज्ञही असला पाहिजे, एकच पीएच.डी., दोन्ही कामांसाठी. १९७३ साली त्याच राज्यातील व्हेल येथील परिषदेने दुसरी वाट मान्य केली : प्रत्यक्ष उपचारांवर भर देणारी वेगळी डॉक्टरेट. ऑडिओलॉजी जन्मतः बोल्डरच्या वाटेवर होती. १९८० च्या दशकात तिला व्हेलची वाट खुणावू लागली.

२०/ त्या वाटेचे सर्वांत आग्रही पुरस्कर्ते होते पर्ड्यू विद्यापीठाचे डेव्हिड गोल्डस्टीन. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणात आता हे शास्त्र मावत नाही. अंतःकर्णातील प्रत्यारोपण, मेंदूच्या विद्युत्‌लहरींची चाचणी, तोल जाण्याचे विकार, नवजात बालके, अंकीय यंत्रे हे सारे शिकायला चार वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट हवी. १९८८ साली शिकागो येथे स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टांच्या संघटनेने भरवलेल्या परिषदेत या कल्पनेला बळ मिळाले. पुढच्याच वर्षी तिच्या प्रसारासाठी ऑडिओलॉजी फाउंडेशन ऑफ अमेरिका उभी राहिली.

२१/ १९८८ हे वर्ष आणखी एका घटनेचे आहे. कारहार्ट यांचे शिष्य जेम्स जर्जर यांच्या निमंत्रणावरून ह्यूस्टन येथे सुमारे तीस ऑडिओलॉजिस्ट जमले आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑडिओलॉजीची पायाभरणी झाली. जर्जर स्वतः या क्षेत्रातले अव्वल संशोधक होते. तरीही एयूडीचा पहिला अभ्यासक्रम १९९० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला, तो ह्यूस्टनच्या ज्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात, तेथेच ते कार्यरत होते. नव्या पदवीचा आग्रह केवळ संशोधनाला कंटाळलेल्यांचा होता, हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही.

२२/ विरोध कडवा झाला. पीएच.डी. झालेले काही अध्यापक विचारीत : प्रबंधाविना डॉक्टर? त्याहून मोठा वाद जुन्या चिकित्सकांचा होता. वीस-पंचवीस वर्षे रुग्ण तपासलेल्यांना अनुभवाच्या आधारे एयूडी ही उपाधी द्यावी, असा प्रस्ताव काही काळ चालला. पात्रता की खिरापत, यावर कडाक्याची भांडणे झाली. अखेर विद्यापीठांनी दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम काढले, आणि पिकल्या केसांच्या ऑडिओलॉजिस्टांनी पुन्हा वह्या उघडल्या.

२३/ १९९७ साली मातृसंस्थेने नवे निकष मंजूर केले. २०१२ पासून तिच्या प्रमाणपत्रासाठी डॉक्टरेट अनिवार्य ठरली. देखरेखीखालील चिकित्सानुभवाचा निकष १८२० तासांचा झाला. आठवड्याला ३५ तास धरले तर पूर्ण बावन्न आठवडे. पदव्युत्तर पदवी घेऊन ऑडिओलॉजिस्ट होण्याचा मार्ग बंद झाला. एका पिढीच्या आत सारा व्यवसाय पाटीवर ‘डॉक्टर’ लिहू लागला. असे परिवर्तन इतक्या वेगाने फार थोड्या व्यवसायांत घडले असेल.

२४/ आणि मग जिंकलेल्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पूर्वी एम.ए. झालेला हुशार विद्यार्थी काही वर्षे रुग्ण तपासून, मनात प्रश्न घेऊन पीएच.डी.कडे वळत असे. आता तो चार वर्षांनंतर आधीच डॉक्टर होता, बहुधा कर्जबाजारी होता आणि दवाखान्यात त्याला नोकरी तयार होती. आणखी चार-पाच वर्षे तुटपुंज्या विद्यावेतनावर काढायला तो कशाला येईल? पीएच.डी.ची वाट ओस पडण्याची चिंता सर्वत्र बोलली जाऊ लागली. नव्या एयूडी अभ्यासक्रमांत शिकवणार कोण, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमांच्याच पायाशी उभा राहिला.

२५/ उत्तर वैद्यकशास्त्राकडून आले. एम.डी. आणि पीएच.डी. एकत्र देण्याचा उपक्रम अमेरिकेत वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९५६ साली सुरू केला होता. १९६४ साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेने वैद्यक-शास्त्रज्ञ प्रशिक्षणासाठी पद्धतशीर अनुदान देण्यास प्रारंभ केला. पहिल्या तीन संस्था होत्या अल्बर्ट आइन्स्टाइन, न्यूयॉर्क विद्यापीठ आणि नॉर्थवेस्टर्न. जेथे ऑडिओलॉजी जन्मली, त्याच विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत दुहेरी पदवीचे हे बीज रुजत होते. श्रवणशास्त्राने ते उचलायला मात्र आणखी तीन-चार दशके लागली.

२६/ एयूडी-पीएच.डी. हा जोड अभ्यासक्रम असा घडला. व्हँडरबिल्ट, आयोवा, ओहायो स्टेट, ॲरिझोना अशा विद्यापीठांनी तो आकाराला आणला. दोन पदव्या एकामागोमाग घेण्याऐवजी त्यांची वीण एकत्र घालायची. संख्याशास्त्र, ध्वनिशास्त्र, श्रवणाचे शरीरशास्त्र हे विषय दोन्हींकडे मोजले जातात, म्हणून काही वर्षे वाचतात. १९८८ साली स्थापन झालेली बधिरत्व व संप्रेषणविकारांची राष्ट्रीय संस्था संशोधन-प्रशिक्षणाला पैसा पुरवते, आणि राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या दुहेरी डॉक्टरेटसाठीच्या शिष्यवृत्तीत आता एम.डी.-पीएच.डी.च्या पंक्तीला एयूडी-पीएच.डी.चेही पान मांडलेले असते.

२७/ कागदावर सुबक दिसणारी ही वीण प्रत्यक्षात दोन घड्याळांमध्ये जगायला लावते. दवाखान्याचे घड्याळ मिनिटांचे आहे : समोर बसलेल्या आजोबांना आज, आत्ता काहीतरी सांगावे लागते. प्रयोगशाळेचे घड्याळ वर्षांचे आहे : पुरावा पुरेसा होईस्तोवर काहीही सांगायचे नसते. पहिल्या खोलीत संकोच हा दोष आहे, दुसऱ्या खोलीत घाई हा दोष आहे. एकाच आठवड्यात दोन्ही खोल्यांत वावरणाऱ्या विद्यार्थ्याला आपला स्वभाव दारागणिक बदलावा लागतो.

२८/ त्या कष्टाचे मोल दाखवणारा शोध २००९ सालचा. बॉस्टनमध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणपातळी पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत राहिल्या. परंतु केशपेशी आणि श्रवणचेता यांना जोडणारे सांधे काही भागांत सुमारे निम्मे नष्ट झाले होते, आणि ते परत आले नाहीत. आलेख म्हणत होता ‘सर्व ठीक’. कान म्हणत होता ‘नाही’.

२९/ प्रत्येक ऑडिओलॉजिस्टने असा रुग्ण पाहिलेला असतो : आलेख निर्दोष, तरी तक्रार एकच, ‘गर्दीत बोलणे कळत नाही.’ त्याला वर्षानुवर्षे ‘तुमचे कान उत्तम आहेत’ असे सांगून परत पाठवले गेले. उंदरांतला हा निष्कर्ष माणसाला कितपत लागू पडतो, यावर अजून वाद आहे. तो वाद सोडवायला माणसांत वापरता येईल अशी चाचणी हवी. आणि ती चाचणी घडवायला उंदराच्या अंतःकर्णातील सांधे आणि माणसाच्या तक्रारीतला शब्द, दोन्ही वाचता येणारा कोणीतरी हवा.

३०/ या वाटेवरचे आक्षेप खोटे नाहीत. वयाची तिशी विद्यार्थिदशेतच गाठावी लागते. पदव्या मिळाल्यावर अनेकांना कोणते तरी एकच काम पूर्णवेळ करावे लागते, कारण दवाखाने रुग्णांची संख्या मोजतात आणि विद्यापीठे निबंधांची. दोन्हींत पारंगत होण्याऐवजी दोन्हींत अर्धवट राहण्याचा धोकाही असतो. शिवाय एवढी वर्षे काढणे कोणाला परवडते, हा प्रश्न उरतोच. चांगल्या कल्पनेची किंमत व्यक्तीने एकट्याने भरायची असेल, तर ती कल्पना थोड्यांचीच राहते.

३१/ भारतात चित्र वेगळे आहे. म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग १९६५ ची. मुंबईच्या नायर रुग्णालयातही त्याच दशकात हे शिक्षण सुरू झाले, आणि १९८३ साली वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. येथील रूढ वाट पदवी, मग एम.एस्सी., मग पीएच.डी. अशी एकसरळ आहे. पण डेशॉनचा प्रश्न येथेही तोच आहे. ‘बेसबॉल’ आणि ‘हॉटडॉग’ ऐकवून सांगोल्याच्या शेतकऱ्याचा कान मोजता येत नाही. मराठीतले ध्वनी योग्य प्रमाणात असलेली, पारखून घेतलेली शब्दयादी ज्याला हवी असते तो दवाखान्यात बसतो. ती घडवण्याची विद्या संशोधनाची असते.

३२/ १७ ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांना श्रवणयंत्र थेट दुकानातून, तपासणीविना घेता येते. ज्या विक्रीच्या हक्कासाठी १९७० च्या दशकात भांडणे झाली, ती आता कोणीही करू शकतो. ‘डॉक्टर’ ही पाटीही सर्वांकडे आहे. मग ऑडिओलॉजिस्टकडे खास असे काय उरले? उरला तो निर्णय : हे मापन खरे किती, हा फरक अर्थपूर्ण किती, आणि या माणसाच्या तक्रारीला आपल्या आलेखात जागा आहे की नाही.

३३/ कारहार्ट १९७५ साली वारले. एयूडी त्यांनी पाहिली नाही, जोड पदवीही नाही. पण आज दोन प्रबंध-पुस्तिका आणि १८२० तासांची नोंदवही सांभाळत धावणारा विद्यार्थी जे करू पाहतो, ते डेशॉनच्या खोलीत कारहार्ट रोज करीत होते : समोरच्या सैनिकाला यंत्र लावायचे, त्याचे उत्तर लिहून घ्यायचे आणि संध्याकाळी त्याच उत्तरावर प्रश्नचिन्ह ठेवायचे. तेव्हा त्यासाठी एक पदवी पुरत असे. शास्त्र वाढले, व्यवसाय दुभंगला, म्हणून आता दोन लागतात.

#थ्रेड समाप्त